कुठला परवा, ते तुम्ही शोधा

पिठलं-भाताचा चार कप्प्यांचा डबा हातात धरून मी नारायणरावांच्या दारात उभा राहिलो, चेहरा जमेल तितका पाडला आणि म्हणालो, "नारायणराव, सावरा आता." नारायणराव व्हरांड्यात खुर्ची टाकून मिरचीची गरम भजी खात होते. हातातलं भजं त्यांनी बशीत ठेवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि अगदी काळजीने विचारलं, "का हो? काय झालं?"

चूक माझीच. आदल्या संध्याकाळी काचीगुड्याच्या चौकात रहमतभाई टेलर भेटले होते. त्यांचं दुकान बरकतपुऱ्यात, नारायणराव आणि त्यांच्या पत्नी कुमुदआक्का यांच्या घराच्या बरोब्बर समोर. स्कूटर थांबवून मी सहज आक्कांची खुशाली विचारली, तर म्हणाले, "साब, आपकू मालूम नै? आक्का परसों गुजर गए." परसों म्हणजे परवा, असा सरळ अर्थ मी लावला आणि घरी येऊन नंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, तसंच सांगितलं. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून तिने सकाळी उठून पिठलं-भात केला. तिचा पाय मुरगळला होता, म्हणून डबा घेऊन मी एकटाच निघालो. वाटेत दोनदा स्कूटर थांबवून काय बोलायचं याची मनात तालीमसुद्धा केली.

मी या गावात दहा वर्षं राहतोय. हैदराबादेत 'परसों' म्हणजे होऊन गेलेला कुठलाही दिवस, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. निजामाचं राज्य गेलं तेही परसों आणि दूध नासलं तेही परसों. आक्कांना जाऊन दीड महिना उलटून गेला होता. दहावं, बारावं, सगळं पार पडलं होतं. पाहुणे आपापल्या गावी गेले होते, आणि एकटे राहिलेले नारायणराव कोपऱ्यावरच्या गाड्यावरून भजी आणून खात होते... आणि मी त्यांना सावरायला आलो होतो.

त्यांनी मला बसवलं. बशी पुढे केली. "लाजू नका," म्हणाले, "गेला महिनाभर हेच चाललंय. रोज कुणी ना कुणी येतं. प्रत्येकाचा परवा वेगळा."

"पण आम्हाला कळवायचं तरी..."

"कुणाला कळवणार? कुमुदने यादीच ठेवली नव्हती. तिच्याकडे येणाऱ्या मुलांची नावं मलासुद्धा सांगायची नाही. आता लोक येतात, रडतात, आणि मला कळतच नाही हे कोण. परवा एक गृहस्थ आले. म्हणाले, तुमच्या मिसेसनी आमच्या मुलाचं गणित सुधारलं. कुमुदला सतराचा पाढा येत नव्हता."

मी भजं खाल्लं. ते तिखट आहे हे कळत होतं, बाकी काहीच कळत नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा बरं वाटलं, की आलं एकदाचं... पण ती मिरची होती.

कुमुदआक्का मुलांशी बोलायच्या. त्यांचा व्यवसाय याहून नेमका मला सांगता येत नाही. समुपदेशन हा शब्द तेव्हा आमच्या ओळखीचा नव्हता. मूल वेगळं वागायला लागलं तर आधी धाक, मग अंगारा, मग डॉक्टर, अशा आमच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. आक्कांचं माहेर जुन्या निजामी मुलखातलं, मराठवाड्याच्या बाजूचं शेतकरी घर. शाळा उर्दूतून झाली, मानसशास्त्र इथल्या विद्यापीठात शिकल्या, एका इस्पितळातल्या मुलांच्या वॉर्डात बरीच वर्षं काढली आणि मग घरामागच्या एका खोलीत दुपारी तीन ते सहा बसायला लागल्या. पाटी नव्हती. मराठी बोलायच्या ते अर्धं दख्खनी. 'हौ' आणि 'नक्को' यांच्या मधल्या जागेत त्यांचं सगळं व्याकरण मावायचं. मी पुण्याचा. पहिल्या भेटीत मनातल्या मनात त्यांची तीन वाक्यं दुरुस्त केली होती. हे आता सांगायला काही हरकत नाही.

आम्ही इथे आलो ती आर्थिक खुलेपणाची पहिली वर्षं. पुण्यातली जुनी, सुरक्षित आणि कंटाळवाणी नोकरी सोडून मी इथल्या एका नव्या कंपनीत संगणकावर काम करायला आलो. पगार वाढला, अंबरपेठेत भाड्याचं मोठं घर मिळालं, केबल आली, फोन तर अर्ज केल्यावर खरोखरच आला. शनिवारी संध्याकाळी पुण्या-मुंबईहून आलेली चार-पाच कुटुंबं कुणा एकाच्या घरी जमायची आणि तिथे मी रंगात यायचो. मला गोष्टी सांगायची सवय आहे. वाचकांच्या ते एव्हाना लक्षात आलंच असेल. "परवा काय झालं..." अशी माझी प्रत्येक गोष्ट सुरू होते, मग ती माझ्या मुंजीतली का असेना.

या सगळ्या भरभराटीत आमची मनू बोलायची बंद झाली. मृण्मयी तिचं नाव, वय बारा. एका दिवसात झालं असतं तर आम्ही घाबरलो तरी असतो. तिचं बोलणं नळाचं पाणी कमी होत जावं तसं कमी होत गेलं. आधी माझ्याशी नुसतं 'हं'. मग आईशीही 'हं'. मग दर सोमवारी पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांनी पोट तपासलं, पोटात काही नव्हतं. एक दिवस शाळेतून बोलावणं आलं. सहामाहीच्या पेपरवर तिने नाव आणि तुकडी लिहिली होती, खाली सगळं कोरं. बाईंनी तो कागद माझ्या हातात दिला आणि मी काय केलं, तर अक्षर किती छान आहे ते पाहिलं.

नंदाला हळदीकुंकवात कुणीतरी आक्कांचा पत्ता हळूच दिला. मी शेजाऱ्यांना सांगितलं, मनूला गणिताची शिकवणी लावली आहे. आठवड्याभरात शेजारचे राव त्यांच्या मुलासाठी शिकवणीचा पत्ता मागायला आले, आणि मला शिकवणीच्या बाई फार मारतात असं सांगून वेळ मारून न्यावी लागली. आक्कांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्या इतक्या हसल्या, की पदराने डोळे पुसले. मग म्हणाल्या, "रस्त्यात भेटले तर मी वळख दाखवणार नाही बरं का. तुम्ही दाखवली, तर दाखवीन. हे सगळ्यांनाच सांगते."

पहिल्या दिवशी आम्ही तिघं गेलो. आक्कांनी माझ्याकडे आणि नंदाकडे बघितलंही नाही. मनूला म्हणाल्या, "या मृण्मयीताई. तुम्ही कुठे बसता?" बारा वर्षांच्या मुलीला ताई आणि तुम्ही. मनूने मागे वळून पाहिलं, आणखी कुणी आलंय का म्हणून. मला हसू आलं. आणि मला त्या काय म्हणाल्या? "मृण्मयीताईंचे बाबा, तुम्ही भायेर बसा." पुढे वर्षभर माझं तेच नाव होतं. आडनाव त्यांनी कधी विचारलंच नाही.

खोलीत टेबल नव्हतं. एक सतरंजी, दोन सुपं आणि मधोमध चिंचेचा ढीग. या गावात चिंचेशिवाय स्वयंपाक होत नाही, आणि आक्का बेगम बाजारातून वर्षाची चिंच आणायच्या ती न फोडलेली. येईल त्या मुलाने बसायचं आणि चिंचोके काढायचे. आक्का शेजारी बसून तेच करायच्या. त्या समोर कधी बसायच्या नाहीत. समोर बसलं की लेकराला तोंडी परीक्षा वाटते, म्हणायच्या. हात चिकट झाले की उठून पळता येत नाही, आणि बघायला चिंच असते म्हणून कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. 'का' हा शब्द त्या खोलीत नव्हता. मूल काही बोललं तर त्या फक्त म्हणायच्या, "मग?" नाही बोललं तर चिंचोके टपटप सुपात पडायचे. मी व्हरांड्यात बसून ते ऐकायचो. दोन महिने मी आत फक्त चिंचोक्यांचा आवाज ऐकला आणि मनातल्या मनात म्हणत राहिलो, की आपल्या पोरीकडून या बाई फुकट चिंच फोडून घेतायत.

मग एक दिवस मला एकट्याला बोलावलं. सतरंजीवर बसवलं, सूप पुढे सरकवलं. मी चिंच फोडू लागलो. आक्का म्हणाल्या, "मृण्मयीताई काय बोलतात, ते त्यांचं हाय. मी सांगणार नाही. पण एक वाक्य त्यांनी तुम्हाला द्या म्हणून सांगितलं. देऊ?"

"द्या की."

"'बाबा परवा मला विसरून गेले.'"

मी ताठ बसलो. "परवा? परवा रविवार होता! दिवसभर मी घरी होतो. दुपारी आम्ही क्रिकेट बघितलं, संध्याकाळी मी तिला भाजीला घेऊन गेलो. नंदाला विचारा." साक्षीदार, पुरावे, सगळं मी सादर केलं. आक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं? हे इकडचं परवा हाय, मृण्मयीताईंचे बाबा. शाळेतल्या पोरींकडून उचललं त्यांनी. परसों. कालचं असंल, दोन सालांमागचं असंल. कुठला परवा, ते तुम्ही शोधा."

"तिला विचारून सांगा ना."

"नक्को. विसरले कोण? मग शोधणार कोण?"

त्यांनी पद्धत सांगितली. घरी चिंच आणायची. रोज संध्याकाळी मनूशेजारी बसून फोडायची आणि आपण तिला विसरलो असा एक दिवस तिला सांगायचा. रोज एकच. 'हाच का?' असं विचारायचं नाही. ती बोलली तर समजावायचं नाही. "वाक्य 'अगं' ने सुरू व्हायला लागलं, की जीभ चावा. हल्लू हल्लू होतंय. घाई नक्को."

मला वाटलं, दोन-तीन दिवसांत संपेल. आपण किती वेळा विसरणार? नंदाला विचारलं, तर तिने पोळ्या लाटता लाटता सात प्रसंग सांगितले आणि आठव्यासाठी आठवायला थांबली. पहिल्या संध्याकाळी मी मनूला सांगितलं, तुझ्या वाढदिवसाला केक आणायला गेलो आणि स्कूटरचं पंक्चर काढून तसाच परत आलो. दुसऱ्या दिवशी शाळेचं गॅदरिंग. तिसऱ्या दिवशी बेगम बाजार... हिंगवाल्याशी घासाघीस करता करता तिचा हात सुटला आणि दहा मिनिटांनी ती मिरच्यांच्या पोत्यांमागे सापडली. खात्रीच होती, हाच. मनूने चिंचोका काढून सुपात टाकला आणि पुढची चिंच घेतली. टप.

असे तीन आठवडे गेले. रोज संध्याकाळी सातला मी एक गुन्हा कबूल करायचो आणि रोज तो चुकीचा निघायचा. मी ऑफिसात कामाच्या कागदांच्या मागे जुने दिवस लिहून काढायला लागलो. भीती वाटायला लागली होती ती याची, की दिवस संपतील आणि तो एक सापडणारच नाही, मग ही मुलगी अशीच राहील, आमच्या घरात पाहुण्यासारखी, 'हं' म्हणत, आणि एक दिवस लग्न होऊन किंवा न होता निघून जाईल. नंदा काही म्हणायची नाही. संध्याकाळी सात वाजता ती स्वयंपाकघरातला नळ बंद करायची, एवढंच. ऐकू यावं म्हणून.

एका संध्याकाळी माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं. गप्प बसवेना म्हणून मी माझी हुकमी गोष्ट काढली. शनिवारच्या बैठकीत ती दर वेळी मागणी करून सांगायला लावत. मी नोकरीसाठी एकटा पुढे हैदराबादला निघालो त्या दिवशीची. त्या सकाळी घरात माझ्या सामानाची धांदल, मनूचा डबा वेळेत झाला नाही. मी म्हटलं, तू जा, मधल्या सुट्टीत मी डबा आणून देतो आणि तिथूनच टाटा करून स्टेशनवर जातो. पण एक मित्र गाडी घेऊन आला आणि आम्ही थेट स्टेशन गाठलं. दौंड गेल्यावर भूक लागली, बॅग उघडली, तर वरतीच मनूचा डबा, झाकणावर नाव कोरलेला! मग काय, खाल्ला. नव्या कंपनीत साहेबांनी विचारलं, पुण्याहून काय आणलंत? म्हटलं, पाचवी ब चा डबा. इथे सगळे हसतात. मी थांबायची जागासुद्धा ठरलेली आहे.

मी थांबलो. टप नाही. मनूच्या हातात चिंच तशीच होती.

"कुठली भाजी होती?"

ती माझ्याशी बोलली हे मला आधी कळलंच नाही. "बटाट्याच्या काचऱ्या," मी म्हणालो.

"मी गेटपाशी उभी होते."

"अगं..." आणि मी जीभ चावली. खरोखरच चावली, दोन दिवस झोंबत होती. मग मला एकच शब्द सुचला, तोही माझा नव्हता. "मग?"

"मग घंटा झाली. सगळे आत गेले. वॉचमनकाका म्हणाले, आत जा. मी म्हटलं, बाबा येतायत. मग बाई न्यायला आल्या. म्हणाल्या, विसरले असतील. मी म्हटलं, विसरणार नाहीत, ते लांब चाललेत."

"मग?"

"मग तुम्ही सगळ्यांना सांगता. मी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी असते तेव्हापण सांगता. सगळे हसतात." ती चिंचेकडे बघत होती. "तुमच्या गोष्टीत मी नसतेच. नुसता डबा असतो."

स्वयंपाकघरात काहीही आवाज नव्हता. मला खूप काही बोलायचं होतं, मित्राची गाडी, गाडीची वेळ, तेव्हा घरी फोन नव्हता... सगळी वाक्यं 'अगं' नेच सुरू होत होती. मी चिंच फोडत राहिलो. थोड्या वेळाने मनू म्हणाली, "बाबा, चिंचोके या सुपात टाका. तुम्ही चिंचेत टाकताय."

आक्कांना सांगायला गेलो, म्हटलं, सापडला. त्यांनी कुठला ते विचारलं नाही. मी विचारलं, तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं का? त्या म्हणाल्या, "यंदाची चिंच आंबट हाय का हो तुमच्याकडची?"

जादू काही झाली नाही. सोमवारची पोटदुखी दिवाळीपर्यंत चालली. आधी मनूची भांडणं परत आली, मग बोलणं. आक्कांकडे ती वर्षभर गेली, आणि त्या खोलीत आणखी काय काय बोलली ते मला आजही ठाऊक नाही. आता ती पुण्यात वसतिगृहात राहून शिकते. हे लिहू का, म्हणून तिला विचारलं. म्हणाली, "लिहा. पण या वेळी मला गेटपाशी उभं करा."

मनू बरी झाल्यावर आमचं आक्कांकडे जाणं कमी झालं आणि मग थांबलंच. भांडण नव्हतं, काही नव्हतं. अंबरपेठेहून बरकतपुरा स्कूटरने दहा मिनिटं. दोनदा त्या भाजीवाल्याकडे दिसल्या. त्यांच्या नियमाप्रमाणे त्यांनी ओळख दाखवली नाही, माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि वांगी निवडत राहिल्या. पहिल्या वेळी माझ्याबरोबर ऑफिसातले लोक होते. दुसऱ्या वेळी कुणीच नव्हतं. तरी मी ओळख दाखवली नाही. दुसऱ्या वेळेचं कारण मला अजून सापडलेलं नाही.

नारायणरावांनी माझा पिठलं-भात तिथेच ताटात वाढून घेतला आणि भज्यांबरोबर सगळा खाल्ला. "बऱ्याच दिवसांनी घरचं," म्हणाले. मग मला मागच्या खोलीत नेलं. सतरंजी गुंडाळून भिंतीला उभी केली होती. सुपं एकात एक. कोपऱ्यात पोतं, अर्धं भरलेलं. मी त्या खोलीत उभा राहून काहीतरी वाटायची वाट पाहत होतो. चिंचेचा वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं. एवढंच झालं. नारायणराव खाली बसले, डब्याचे चारही कप्पे चिंचेने भरले, दाबून, आणि कडी लावून डबा माझ्या हातात दिला. "फोडायची राहिलीय," म्हणाले.

घरी आलो तेव्हा नंदा पाय स्टुलावर ठेवून बसली होती. मी चपला काढायच्या आत सुरू केलं, "अगं, काय सांगू, मी दारात उभा, आपला चेहरा पाडून म्हणतो, सावरा आता, आणि ते बशीतली भजी..." नारायणरावांचं ते चष्मा वर करणं, तो प्रश्न, सगळं हुबेहूब केलं. नंदा हसली नाही. तिने डबा उघडला, चारही कप्पे बघितले, वर्तमानपत्र मांडीवर पसरलं आणि एक चिंच फोडायला घेतली.

"संध्याकाळी मनूला फोन करायचा आहे ना?"

"हो. म्हणजे कसं सांगावं, तोच विचार..."

"भज्यांपासून सुरुवात करू नका," ती म्हणाली. "आक्का गेल्या, एवढंच सांगा आणि थांबा. 'मग?' तिला विचारू दे."